लाल टाका उजव्याला

आमच्या अंतेप शहरात एखाद्याला कोणी विचारेनासं झालं की म्हणतात, ‘त्याचा जोडा छपरावर गेला.’ आता शाळेतली मुलंही एकमेकांना हे म्हणतात आणि हसतात. ओक्केश उस्तादांच्या काळात त्यावर कोणी हसत नसे. जोडेवाल्यांच्या पेठेत एखाद्या कारागिराचा माल खोटा निघाला तर गिऱ्हाईक पेठेच्या शेखांकडे, म्हणजे प्रमुखांकडे, जाई. शेख शुक्रवारच्या नमाजानंतर सगळ्या उस्तादांना जमवत, जोडा तपासत आणि दोष ठरला तर तो सर्वांसमक्ष त्या कारागिराच्याच दुकानाच्या छपरावर भिरकावत. मग त्याच्या कमरेचा उस्तादीचा पंचा सोडून घेतला जाई. जोडा वर उन्हापावसात कुजत पडे. खालचं दुकान दुसऱ्याला मिळे आणि तो माणूस उरलेलं आयुष्य खेड्यापाड्यांतून फाटके जोडे सांधत फिरे.

ओक्केश उस्ताद माझ्या पणजीचे वडील. आमच्या बाजूला रेल्वे येण्याआधीची, तुर्की सुलतानाच्या अमलातली ही गोष्ट. घरात ती ज्या क्रमाने सांगतात त्याच क्रमाने लिहितो.

एका सोमवारी शेख बेहलूल आगा स्वतः उस्तादांच्या दुकानाशी आले. एरवी ते माणूस पाठवत. आमच्याकडचा जोडा उलटा शिवतात, आतली बाजू बाहेर ठेवून, आणि शिवण पुरी झाली की ओल्या चामड्यात दांडका घालून तो सुलटा करतात. उस्तादांच्या मांडीवर तसाच एक अर्धा उलटलेला जोडा होता.

“बसा आगा. कॉफी सांगतो.”

“कॉफी नको, ओक्केश. तुझ्यावर फिर्याद आलीय.”

“कोणाची?”

“हाजी मेमिकची.”

“व्याह्यांची?” उस्तादांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“तुझ्या जोड्याने पाय मोडला म्हणतो. शुक्रवारी बसू. जे सांगायचं ते तेव्हा सांग, आत्ता मला काही सांगू नकोस. मला ऐकायचं नाही.”

शेख गेले. समोरच्या दुकानात जुमा उस्ताद मान खाली घालून आरी चालवत होते, पण त्यांची आरी मघापासून एकाच भोकात होती. ओक्केश उस्तादांच्या मांडीवरचं चामडं वाळून कडक झालं आणि तो जोडा नंतर सुलटा झालाच नाही.

त्यांनी असा काय गुन्हा केला होता, ते आता सांगतो.

आमच्या जोड्याला डावा-उजवा नसे. खाली म्हशीचं चामडं, वर शेळीचं, आत मेंढीचं, तळव्याच्या दोन थरांमध्ये घाम शोषायला माती, आणि दोन्ही पायांना एकाच कलबुतावर, म्हणजे एकाच लाकडी साच्यावर बेतलेला सरळ जोडा. उस्तादीचा पंचा बांधताना परीक्षाच ती होती. नव्या कारागिराच्या जोडीचे तळवे एकावर एक ठेवायचे, कसेही फिरवले तरी काठाला काठ लागला पाहिजे. असा जोडा दोन्ही बाजूंनी सारखा झिजावा म्हणून रोज पाय बदलून घालायचा. हे काम घरच्या सुनेचं. पहाटे उठून ती घरातले जोडे पुसते, टोकं दाराकडे करते आणि डाव्याच्या जागी उजवा, उजव्याच्या जागी डावा मांडते. पुरुष बोलत बोलत बाहेर येतो आणि खाली न बघता पाय सरकवतो. अंतेपाच्या पुरुषाने स्वतःच्या पायांकडे बघितलेलं मी कधी ऐकलं नाही.

जोड्यांकडे मात्र ओक्केश उस्ताद बघत. दुरुस्तीला आलेला जोडा हातात घेऊन ते त्याच्याशी भांडत. एकदा छावणीतल्या एका अधिकाऱ्याचा परदेशी बूट टाच बसवायला आला. त्याला डावा-उजवा होता. तो बूट त्यांनी टाच बसवूनही दोन दिवस परत दिला नाही. मग अक्रोडाच्या लाकडाची दोन कलबुतं कोरायला घेतली, एक डाव्या पायाचं, एक उजव्याचं.

“कलबुतं कोरताय की बाहुल्या?” त्यांची बायको दुदू विचारी. “लेक सासरी गेली तर स्वतःच खेळायला बसले.”

“दुदू, माणसाच्या अंगठ्याची बाजू कोणती?”

“मला काय विचारता? तुमचे पाय तुमच्याकडे आहेत.”

हा शोध ओक्केश उस्तादांनी लावला असं मी म्हणत नाही. बूट होता, त्या बुटाच्या देशात तो आधीपासून होता. पण आमच्या मऊ, उलटा शिवून सुलटा करायच्या जोड्याला डावा-उजवा देणारं पेठेत त्यांच्याआधी कोणी नव्हतं.

पहिली जोडी त्यांनी व्याह्यांना दिली. हाजी मेमिक काकवी आणि पिस्त्यांचे व्यापारी. अंगठ्याच्या सांध्यावर मोठा गोळा आलेला, कुठलाही जोडा टोचे. त्यांचा एकुलता मुलगा बोझान खेचरांचा तांडा घेऊन हलब शहराला ये-जा करी. त्या बोझानला उस्तादांनी आपली एकुलती लेक सेनेम, म्हणजे माझी पणजी, दिली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

“हाजी, एक ध्यानात ठेवा,” जोडी देताना उस्ताद म्हणाले. “हा डाव्याचा, हा उजव्याचा. आत टाचेशी लाल टाका घातलाय तो उजवा. हे बदलायचे नाहीत. कधीच नाहीत. लाल टाका उजव्याला.”

“मी काय कुकुलं बाळ आहे का, व्याहीबुवा?” हाजींनी पाय घातला, चार पावलं टाकली आणि थांबले. “अरे, हा तर नाहीच पायात.”

“आहे.”

“आहे, पण नाही.”

पेठेतून घरी जाईपर्यंत त्यांनी ती जोडी दहा जणांना दाखवली. आठवडाभरात चार माणसं ओक्केश उस्तादांकडे तशीच जोडी मागायला आली. त्यांतली दोघं जुमा उस्तादांची जुनी गिऱ्हाइकं होती.

जुमा उस्तादांचं बोलणं केवळ जळफळाटाचं होतं असं म्हणता येणार नाही. “ओक्केश,” ते म्हणाले, “आज माझा एक जोडा कापताना बिघडला तर उरलेला मी दुसऱ्या कुठल्याही जोड्याशी जुळवतो. तुझा उजवा बिघडला तर डावा काय गळ्यात बांधणार? कलबुतं दुप्पट, चामडं वाया. तू मोठा हो, बाबा, पण आम्हाला बुडवून होऊ नकोस.” हिशेब बरोबर होता.

मग हाजी मेमिकांच्या तक्रारी सुरू झाल्या. एके दिवशी म्हणत, जोडा म्हणजे लोणी. दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून येत, आज चावतोय. कॉफीवाल्याकडे त्यावर थट्टा चाले. “हाजी, जोडा आहे की उंट? आज खुशीत, उद्या नाराज.” उस्तादांनी जोडी मागून तपासली. शिवण नीट, तळवा नीट. परत दिली. आणि एका सकाळी सराईच्या दगडी जिन्यावरून उतरताना हाजींचा पाय जोड्यात मुडपला आणि ते काकवीच्या बुधल्यासकट खाली आले. डावा घोटा मोडला. हाडवैद्याने लोकरीत अंड्याचा बलक घालून बांधला आणि सांगितलं, चालाल, पण लंगडत.

मंगळवारी ओक्केश उस्ताद व्याह्यांना बघायला गेले. फिर्याद असली तरी आजाऱ्याच्या समाचाराला न जाणं आमच्यात बसत नाही. हाजी पुढच्या खोलीत गादीवर पडले होते.

“बसा,” ते म्हणाले.

“हाजी, चूक माझी असेल तर मी...”

“असेल? व्याहीबुवा, साठीला मी काठी धरणार आहे. माझा मुलगा वाटेवर. घरात एकटी सून. गावभर तुमचं कौतुक मी केलं, आणि जिन्यावर लोळलोही मीच. लोक हसले. तुम्हाला माहितीय किती हसले?”

“जोडा पायाला बसला होता.”

“एक दिवस बसायचा! एक दिवस लोणी, एक दिवस काटे. एक दिवस लोणी, एक दिवस काटे. असला जोडा कोण शिवतं? सैतान?”

सेनेम कॉफी घेऊन आली. नवी सून सासऱ्यासमोर बोलत नाही, त्याने स्वतः काही भेट देऊन तिचं तोंड उघडेपर्यंत. कधीकधी त्याला वर्षं लागतात. सासूच्या किंवा नवऱ्याच्या कानात बोलायचं, त्यांनी पुढे सांगायचं. या घरात सासू वारलेली आणि नवरा हलबच्या वाटेवर, त्यामुळे सेनेम त्या दिवसांत मुकीच होती. ओढणीचं टोक ओठांवर धरून तिने बापापुढे कॉफी ठेवली. बापाने हळूच विचारलं, “बरी आहेस?” तिने मान हलवली.

ते निघाले. उंबऱ्यापाशी त्यांचे जोडे तिने पुसून, टोकं बाहेर करून मांडले होते. उस्तादांच्या एका जोड्याच्या टाचेला ठिगळ होतं. सकाळी घरून निघताना तो डाव्या पायात होता. आता तो उजवीकडे ठेवलेला होता.

उस्ताद ठिगळाकडे बघत राहिले.

हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. सेनेम उंबऱ्याएवढी होती तेव्हापासून. पूस, फिरव, बदल. जोडेवाल्याच्या लेकीच्या दारात जोडा न बदलता पडलेला दिसला तर ते खरकटं भांडं दिसल्यासारखे ओरडत. आता सासरी ती रोज पहाटे उठून त्यांचंच शिक्षण पाळत होती. लाल टाक्याचं त्यांनी हाजींना सांगितलं होतं. सुनेला ते कोण सांगणार? सासरा सुनेशी जोड्यांबद्दल बोलत नाही आणि व्याह्याच्या घरच्या बाईला निरोप पाठवण्याची पद्धत नाही. एक दिवस लोणी, एक दिवस काटे.

सेनेम बापाकडे बघत होती. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. उस्तादांनी जोडे तसेच पायात घातले आणि ते निघून गेले.

घरी दुदू बुलगुरचे, भरडलेल्या गव्हाचे, गोळे वळत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू लागले.

“मग झालं की,” ती म्हणाली. “जोडा खरा. शुक्रवारी तसं सांगा.”

“काय सांगू? सासऱ्याचा पाय सुनेने मोडला? भर पेठेत?”

“मोडला कुठे तिने...”

“गाव असंच म्हणेल. वर्ष झालं नाही लग्नाला. बोझान परत येईपर्यंत ती तुझ्या दारात असेल. आणि आली की तिला पुन्हा कोण नेणार?”

“आणि तुमचा जोडा छपरावर गेला की आपण काय खायचं? सेनेमचं नाव खायचं?”

“मी जोडा माझा म्हणेन. बाकी बोलणार नाही.”

“अहो, चाळीस वर्षांचा पंचा आहे तो.”

“म्हणूनच सांगतो. आणि ऐक, तू तिच्याकडे जायचं नाहीस. तिला कळलं तर ती गप्प बसणार नाही. माझी लेक आहे.”

दुदू नवऱ्याचं ऐकणाऱ्यांतली होती. पण बायकांच्या हमामात काय बोलावं हे ठरवायचा अधिकार तिने नवऱ्याला कधी दिला नव्हता. गुरुवारी सेनेम शेजारणींबरोबर आंघोळीला आली तेव्हा दुदू आधीच गरम दगडावर बसलेली होती. वाफेत तिने लेकीच्या पाठीला घासणी लावली आणि कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. लेकीची पाठ हाताखाली ताठ झाली.

“बाबांनी मला का नाही सांगितलं?”

“तुला वाचवायला.”

“मग मी सांगते.”

“कोणाला? त्या घरात तुझं तोंड तरी उघडलंय का?”

सेनेमने पितळी तांब्याने डोक्यावर पाणी घेतलं. “आई,” ती म्हणाली, “त्या दिवशी जिन्यावरचा आवाज आमच्या दारापर्यंत आला होता. मला वाटलं, काकवीचा बुधला फुटला.”

शुक्रवारी सकाळी हाजी मेमिक पेठेत जायला तयार झाले. फिर्यादीचा जोडा एका फडक्यात बांधून ठेवला होता. अंगणात गाढव उभं होतं. हाजी उंबऱ्यावर बसले आणि चांगल्या पायासाठी जुना जोडा आणायला त्यांनी हाताने खूण केली. सेनेम जुना जोडा घेऊन आली नाही. तिने ते फडकं सोडलं.

“हे काय?” हाजी म्हणाले. “ते पेठेत न्यायचंय.”

तिने लाल टाक्याचा जोडा घेतला, गुडघ्यावर बसली आणि तो त्यांच्या उजव्या पायात घातला. जोडा बसला. हाजी रागाने काही बोलणार तेवढ्यात तिने तो काढला आणि त्याच पायात दुसरा घातला. अंगठ्याच्या गोळ्यावर कळ आली. हाजींनी पाय आखडला.

मग तिने दोन्ही जोडे उंबऱ्यापाशी मांडले, रोज पहाटे मांडते तसे. पुसले. टोकं दाराकडे केली. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, डावा उचलून उजव्याच्या जागी ठेवला आणि उजवा डाव्याच्या. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली.

हाजी मेमिक किती वेळ बसले ते सेनेमला पुढे कधी सांगता आलं नाही. गाढवाने दोनदा खूर आपटला एवढं तिला आठवत होतं. शेवटी ते म्हणाले, “बांध.” तिने जोडे पुन्हा फडक्यात बांधले. त्यांनी ते काखेत घेतलं, शेजाऱ्याच्या खांद्यावर भार टाकून गाढवावर चढले आणि मागे न बघता गेले. ते काय बोलणार आहेत हे तिला कळलं नाही. ती दाराच्या आत भिंतीला टेकून उभी राहिली.

पेठेत गालिचा अंथरला होता. शेख मध्ये, उस्ताद दोन्ही अंगांनी. दुकानांच्या दारांवर दोऱ्यांना लटकलेले लाल-काळे जोडे वाऱ्याने हलत होते. ओक्केश उस्ताद आपल्याच दुकानासमोर, आपल्याच छपराखाली उभे होते. कमरेचा पंचा त्यांनी सकाळी नव्याने बांधला होता, गाठ घट्ट मारून.

शेखांनी फडकं सोडलं. जोडीचे तळवे एकावर एक ठेवले. एकाचा काठ दुसऱ्याच्या बाहेर आला. फिरवून ठेवले. पुन्हा बाहेर. गर्दीत कुजबुज झाली.

“ओक्केश उस्ताद,” शेख म्हणाले, “हा जोडा तुझा?”

“माझा.”

“तळवे जुळत नाहीत. हे तुझ्या हातून चुकून झालं?”

“नाही आगा. मुद्दाम केलं.”

“मुद्दाम?” जुमा उस्ताद म्हणाले. “ऐकलंत ना आगा? मुद्दाम.”

“जुमा, तुला विचारलं की बोल.” शेखांनी जोडा उचलला. रिवाजाप्रमाणे ते आरोप्याला तीनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा विचारताना जोडा फेकायला उगारलेला असतो. “ओक्केश, पहिल्यांदा विचारतो. या जोड्याने हाजींचा पाय मोडला. तुला काही सांगायचंय?”

“जोडा माझा आहे. हात माझा आहे.”

“दुसऱ्यांदा विचारतो. तू सांगितलेलं नाहीस असं काही कारण आहे?”

कारण होतं. चार शब्दांचं कारण. जुमा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, गर्दी बघत होती, आणि गाढवावर बसलेले हाजी मेमिक मात्र दुसरीकडेच बघत होते. उस्तादांनी पंच्याच्या गाठीला हात लावला.

“नाही,” ते म्हणाले.

शेखांनी जोडा खांद्याच्या उंचीवर नेला. “तिसऱ्यांदा...”

“थांबा आगा,” हाजी मेमिक म्हणाले. “मला उतरवा.”

दोघांनी त्यांना उतरवलं. एका पायावर, गाढवाच्या मानेला धरून ते उभे राहिले.

“उस्तादांनी मला सांगितलं होतं. लाल टाका उजव्याला. बदलायचे नाहीत. दोनदा सांगितलं. मी ध्यानात ठेवलं नाही. उलटे घातले.”

“उलटे घातले?” शेख म्हणाले.

“पाय माझे आहेत. घातले उलटे.”

मागे कोणीतरी हसलं. मग आणखी काही जण. साठीचा हाजी, हलबपर्यंत पत असलेला माणूस, आणि त्याला जोडे घालता येत नाहीत. हाजींचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत.

जुमा उस्ताद पुढे आले. “हाजी, एक समजत नाही. एक दिवस बरोबर, एक दिवस उलटे? जोडे काय रात्री आपण होऊन जागा बदलतात? तुमच्या घरी जोडे मांडतं कोण?”

हसणं थांबलं. ओक्केश उस्तादांनी डोळे मिटले. आमच्या पेठेत कोणाच्या घरच्या बाईचा उल्लेख करणं म्हणजे त्याच्या दाराला लाथ मारण्यासारखं आहे, आणि जुमांनी तो केलाही नव्हता आणि केलाही होता.

“जुमा,” हाजी सावकाश म्हणाले, “माझ्या घोट्याबद्दल हवं ते विचार. उंबऱ्याच्या आत यायला तू माझा कोण लागतोस?”

“मी सहज...”

“सहज नाही आलास. बोलावलं तर जेवायला ये. बाकी उंबऱ्याबाहेर.”

“बस,” शेख म्हणाले. जोडा अजून त्यांच्या हातात होता. ते कधी जोड्याकडे बघत, कधी छपराकडे. “तळवे जुळत नाहीत, हे खरं आहे.”

“खरं आहे,” दोघं-तिघं उस्ताद म्हणाले.

“पण छपराला फिर्यादी लागतो. नुसता न जुळणारा तळवा छपरावर जात नाही. हाजी, तुझी फिर्याद आहे?”

“नव्हतीच, आगा. राग होता.”

शेखांनी जोडा खाली ठेवला. “ओक्केश, तुझा पंचा तुझ्याकडे राहील. पण हे दोन कलबुतांचं खूळ दाराला लटकवायचं नाही. जुमाचंही पोट आहे. व्याह्यांसाठी कर, कोणी घरी येऊन मागितलं तर कर. पेठेत दाखवायचं नाही.”

“बरं,” ओक्केश उस्ताद म्हणाले. मग त्यांनी गाठीवरचा हात काढला.

हाजी मेमिक घरी पोचले तेव्हा सेनेम दारातच होती, सकाळपासून. ते उंबऱ्यावर बसले. मग आतल्या पेटीतून त्यांनी मृत बायकोची चांदीची बांगडी मागवली, ती सुनेच्या हातात घातली आणि फडक्यातला जोडा तिच्यापुढे ठेवला.

“बोल, पोरी,” ते म्हणाले. “पेठेत मी सगळ्यांना सांगितलं, मला जोडे घालता येत नाहीत. आता खरंच येत नाहीत. उजवा कोणता?”

“लाल टाक्याचा, बाबा,” सेनेम म्हणाली. सासऱ्याशी ती पहिल्यांदा बोलली ते हे.

हाजी मरेपर्यंत थोडे लंगडत चालले. जुमा उस्तादांना त्यांनी खरोखर जेवायला बोलावलं आणि जुमा आलेही. दोघं एकमेकांशी फारसं बोलले नाहीत, पण जेवले भरपूर.

शेखांची बंदी कधी उठली नाही. मोडली गेलीही नाही. लोक ओक्केश उस्तादांच्या घरी येत, ओसरीत पाय मोजून देत आणि जोडी फडक्यात बांधून नेत. उस्ताद प्रत्येकाला लाल टाक्याचं सांगत, आणि मग म्हणत, “आता जा आणि घरच्या बाईला बोलाव. तिलाही सांगायचंय.” काही जणांना ते आवडत नसे. अशांना ते जोडी देत नसत. पुढे हलबहून तयार बूट गाड्या भरून येऊ लागले, सगळे डावे-उजवे, आणि त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारलं नाही.

स्वतः ओक्केश उस्ताद मात्र शेवटपर्यंत जुन्या घडणीचाच सरळ जोडा घालत. माझ्या पणजीने त्यांना एकदा कारण विचारलं.

“एवढी वर्षं सरळ तळव्यात राहिलेले पाय आहेत,” ते म्हणाले. “त्यांना आता कुठे डावं-उजवं शिकवत बसू? शिवाय तुझ्या आईला पहाटे काहीतरी काम हवं.”

दुदू रोज पहाटे त्यांचे जोडे बदलून ठेवी.